रस्त्यावर पडेल तोच उजेड

तंजावूरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता जेमतेम तेरा किलोमीटरचा. पण तेवढ्यात तो पाच नद्या गाठतो: वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. जानेवारीत त्यागराज आराधनेच्या संगीत उत्सवाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकून परतणाऱ्या दुचाकी या रस्त्यावर भरपूर असतात. सांबा भाताच्या कापणीचा हंगामही नेमका तेव्हाच. डांबराच्या कडेला भात वाळत घातलेला असतो आणि त्यावरून वाहनं जाऊ नयेत म्हणून त्याच्या कडेने दगड मांडलेले असतात. पहाटेकडे कालव्यांवरून धुकं चढतं. गंधर्वकोट्टैच्या बाजूला गेलात तर कुरुंगुळमच्या साखर कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर भेटतात आणि त्यांच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नसते.

महाराष्ट्रातून मोटारसायकलवर तंजावूर पाहायला येणारे आता बरेच आहेत. बृहदीश्वराच्या आवारातला मराठी शिलालेख आणि सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय ही ओढ आहेच. इथलं दुपारचं ऊन सोसवत नाही, म्हणून अंतर पहाटे किंवा रात्री कापायचं असं ठरतं. मग निघण्याआधी गाडीला ‘जास्त पॉवरचा’ बल्ब टाकून घेतला जातो. माझं म्हणणं असं, की बल्ब ही यादीतली शेवटून दुसरी गोष्ट आहे. त्याआधी तीन कामं करायची असतात. ती नीट झाली, तर पुष्कळदा बल्ब बदलायची गरजच उरत नाही.

आधी थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर हात जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरावर ब्रेक चांगले लागले तरी थांबायला आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४८. ताशी ८० ला हाच आकडा ७४ वर जातो. रस्त्यावर वाळू, भाताचे दाणे किंवा ओल असेल तर तो आणखी वाढतो. म्हणजे ताशी ६० ने जाणाऱ्याला पन्नास मीटरवरची वस्तू दिसलीच पाहिजे.

आता डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या झोताचा, उजेड कुठपर्यंत जातो ते पाहा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि झोताची वरची कड दर मीटरला २ सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे उतार दोन टक्के आहे असं धरू. ही कड ४५ मीटरवर जमिनीला टेकते. त्यापलीकडे डिपर काही दाखवत नाही, आणि ४५ मीटरवरही फक्त पायाची पावलं दिसतील इतकाच उजेड असतो. उतार एक टक्का ठेवला तर कड ९० मीटरवर टेकते. बल्ब तोच, वायर तीच, खर्च शून्य. फक्त एक स्क्रू फिरवला आणि पल्ला दुप्पट झाला.

म्हणून पहिलं काम फोकस सेट करण्याचं. सपाट जमीन आणि समोर सपाट भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर हवी. गाडी स्टँडवर लावायची नाही, दोन्ही चाकांवर सरळ उभी ठेवायची आणि चालवणाऱ्याने तिच्यावर बसायचं. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. दिवा भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर आणा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली पडली तर उतार दोन टक्के, ५ सेंटिमीटर खाली पडली तर एक टक्का. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी ठेवावी. बहुतेक गाड्यांना दिव्याच्या खाली एक स्क्रू असतो. जुन्या गोल दिव्यांचे बाजूचे दोन बोल्ट ढिले करून अख्खा डूम, म्हणजे काच आणि परावर्तकासकटचा दिवा, हाताने वरखाली करायचा आणि पुन्हा आवळायचा.

मागे कोणी बसलं की काय होतं, हे फार थोडे लोक तपासून पाहतात. मागच्या माणसाच्या वजनाने मागचे शॉकअप्स समजा ३ सेंटिमीटर जास्त दबले. दोन चाकांमधलं अंतर साधारण १३० सेंटिमीटर. तीन भागिले एकशेतीस म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडं जास्त. गाडीचं नाक तेवढं वर उचललं गेलं, म्हणजे मघाशी काळजीने दिलेला दोन टक्क्यांचा उतार संपला आणि झोत आडवा झाला. डिपर लावूनही समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. समोरचा चिडून अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारतो, आणि आपली काय चूक झाली हे आपल्याला कळतही नाही. लांबच्या प्रवासाला निघताना मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील, तर तेवढ्या ओझ्यासकट भिंतीसमोर उभं राहून फोकस सेट करावा. शॉकअप्सना मागे खाचा असतात, त्या एक-दोन घरं पुढे सरकवल्या की नाक पुष्कळसं खाली येतं. पंपावर हवा भरण्याइतकंच हे सोपं काम आहे. अनेक गाड्यांच्या त्या खाचा मात्र कारखान्यातून आल्यापासून कोणी फिरवलेल्या नसतात.

कायद्यातही याच्याशी मिळतीजुळती एक मोजणी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो, की समोरच्या दिव्यापासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्या झोताने दिपता कामा नये. ही जागा म्हणजे समोरून येणाऱ्या चालकाचीच जागा. मित्राला गाडीवर बसवून त्या जागी स्वतः उभं राहावं, गरज असेल तर थोडं वाकावं, आणि त्याला डिपर लावायला सांगावं. आपला दिवा समोरच्याला कसा दिसतो हे प्रत्येकाने एकदा तरी पाहायला हवं. तमिळनाडूत हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका चिकटवायची पद्धत आहे आणि पोलीस त्यासाठी मोहिमाही काढतात. हेतू चांगला आहे. पण फोकस वर गेलेला असेल तर ठिपक्याच्या आजूबाजूने येणारा उजेड दिपवायचा तो दिपवतोच.

दुसरं काम डूमचं. पूर्वी पुढची काच खरीच काचेची असायची. आता ती पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी, धुरकट होत जाते. तंजावूरसारख्या ठिकाणी बारा महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे लवकर होतं. धुरकट काचेने उजेड नुसता अडत नाही, तो चहूकडे विखुरतो. पल्ला कमी होतो आणि समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून ८०० नंबरपासून २००० पर्यंत चढत जायचं, मग पॉलिश कंपाउंड लावायचं आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारं कोटिंग द्यायचं. कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. आतल्या परावर्तकाला मात्र फडकं लावू नये. त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो, की पुसल्याने त्यावर ओरखडेच पडतात. तो काळवंडला असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटले असतील, तर डूमच बदलावा, आणि तो गाडीच्या कंपनीचाच घ्यावा. हेल्मेटचा व्हायजर ओरखडलेला असेल तर त्याच पैशांत तोही बदलून घ्यावा. समोरच्या दिव्याभोवती किरणांची चक्रं दिसतात ती बहुधा व्हायजरवरच्या ओरखड्यांमुळे.

तिसरं काम विजेचं. यात मिळणारा फरक पाहून माणूस थक्क होतो.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने वाढतो. बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा व्होल्ट आहेत आणि बल्बच्या होल्डरवर फक्त १२.१५ पोचतात असं समजा. व्होल्टेज दहा टक्क्यांनीच कमी झालं, पण उजेड तीस टक्क्यांनी गेला. ही गळती होते बारीक वायर, हँडलवरच्या स्विचचे झिजलेले पॉइंट आणि गंजलेले कनेक्टर यांमध्ये. मल्टिमीटर घेऊन इंजिन चालू ठेवावं, दिवा लावावा आणि दोन्ही ठिकाणी मोजून पाहावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा आहे.

उपाय रिलेचा. बॅटरीच्या धन टोकापासून जाड वायर काढायची आणि टोकापासून वीतभर अंतरावरच १० अँपियरचा फ्यूज बसवायचा. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला न्यायची आणि ८७ नंबरच्या पिनमधून बल्बला. हँडलच्या स्विचमधून येणारी मूळ वायर ८६ ला आणि ८५ जमिनीला, म्हणजे चासीला. आता स्विचला बल्बचा तीन ते पाच अँपियरचा प्रवाह वाहावा लागत नाही, त्याने रिलेला फक्त इशारा द्यायचा. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले लावावेत. बल्बची जमिनीची वायरही तितकीच जाड आणि थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेलेली असावी. चांगला वायरमन हे काम तासाभरात करतो. साध्या बल्बचा उजेड त्यानंतर पिवळटाचा पांढुरका झालेला डोळ्यांनी दिसतो.

यात एक अट आहे. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटच्या कॉइलमधून येणारा एसी प्रवाह थेट बल्बला जातो. गाडी न्यूट्रलला उभी करून ॲक्सिलरेटर पिळावा. दिवा मंद-तेज, मंद-तेज होत असेल तर तुमची गाडी एसीवर आहे. अशा गाडीला नुसता रिले लावून दिवा बॅटरीवर घेतला तर बॅटरी दोन रात्रींत बसते. तिच्यासाठी पूर्ण लहर पकडणारा रेक्टिफायर आणि कॉइलच्या जोडणीत बदल करावा लागतो, आणि ते अनुभवी माणसाचंच काम आहे. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. त्यानंतरची गाडी असेल तरी ॲक्सिलरेटरची ही परीक्षा करूनच पुढे जावं.

आता बल्ब. आपल्याकडच्या लहान गाड्यांना बहुधा ३५/३५ वॅटचा एचएस-१ असतो. त्याचा ठरलेला उजेड १३.२ व्होल्टवर अप्परला ८२५ आणि डिपरला ५२५ ल्युमेन. मोठ्या गाड्यांत आणि मोटारींत १९७१ पासून चालत आलेला एच-४ असतो, ६०/५५ वॅटचा. तो अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन देतो. दोघे दिसायला सारखेच असल्याने ३५ वॅटच्या डूममध्ये ६० वॅटचा बल्ब बसवून देणारे पुष्कळ. पण तीन अँपियरच्या वायरीतून मग पाच अँपियर जातात, होल्डर वितळायला लागतो आणि मॅग्नेटची कॉइल बॅटरीला पुरेशी वीज देऊ शकत नाही. ९०/१०० वॅटचे बल्ब तर रस्त्यावर बेकायदाच आहेत, आणि परावर्तक जाळण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

शिवाय दुप्पट ल्युमेन म्हणजे दुप्पट पल्ला असं होत नाही. उजेड अंतराच्या वर्गाने विरळ होतो. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असेल तर चौपट ल्युमेन लागतील. दुप्पट उजेडाने पल्ला वाढतो जेमतेम चाळीस टक्के. स्क्रू फिरवून काय मिळालं होतं ते आठवून पाहावं.

एच-४ हातात घेऊन काचेतून आत पाहा. दोन फिलामेंट दिसतील. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. भिंतीवर दिसणारी ती धारदार वरची कड या वाटीमुळेच तयार होते. वाटीची एक बाजू थोडी तिरपी कापलेली असते. त्यामुळे कड एका बाजूला वर चढते आणि रस्त्याची कड, पायी चालणारे, मैलाचे दगड जरा लांबून दिसतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्यात ती डावीकडे चढायला हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला डूम स्वस्तात मिळाला म्हणून बसवला, तर ती उजवीकडे, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत चढते. घेण्यापूर्वी भिंतीवर लावून पाहावं.

हे सगळं काम फिलामेंटच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे. हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी बल्ब खोचला की अडचण इथेच येते. एलईडीचा उजेड तारेतून येत नाही, दोन्ही बाजूंना लावलेल्या चपट्या चिपमधून येतो. चिप एक-दीड मिलिमीटर जरी इकडेतिकडे असली तरी कड विसकटते. रस्ता जवळच्या जवळ झगझगीत दिसतो, चालवणारा खूश होतो, आणि समोरून येणाऱ्याला काही दिसेनासं होतं. खोक्यावरच्या आकड्यांवरही जाऊ नये. आजची चांगली एलईडी वॅटला साधारण शंभर ल्युमेन देते. २० वॅटच्या बल्बवर २०,००० ल्युमेन छापलेले असतील, तर त्यातलं एक शून्य नक्कीच जास्तीचं आहे.

एलईडी वाईट असं मी म्हणत नाही. निळ्या एलईडीचा शोध लावल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या उजेडावर फॉस्फरचा थर दिला, की पांढरा उजेड मिळतो. आज नव्या गाड्यांना कारखान्यातूनच येणारे एलईडी दिवे उत्तम आहेत, कारण त्यांचा परावर्तक आणि भिंग त्या चिपसाठीच घडवलेलं असतं. जुन्या गाडीला एलईडी हवाच असेल, तर बल्ब न बदलता मान्यताप्राप्त, पूर्ण डूमच बदलणं योग्य. तेही कायद्याची बाजू पाहून. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ साली बदललेल्या १८२-अ कलमानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

उजेडाच्या रंगाबद्दलही एक सांगायला हवं. हॅलोजनचा उजेड ३,२०० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर. बाजारातले एलईडी ६,००० च्या वर, निळसर. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसात ओलं डांबर आरशासारखं उजेड पुढे फेकतं, आपल्याकडे परत येऊ देत नाही. निळसर उजेड डोळ्यांना जास्त बोचतो, विशेषतः पन्नाशीनंतर. तेव्हा ४,००० ते ५,००० च्या दरम्यानचा दिवा निवडावा. धुक्यात अप्पर लावू नये. धुक्याचे थेंब उजेड मागे फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

एवढं करूनही कमी पडलं, तर जादा दिवे. त्यांत लांबवर जाणारा अरुंद झोत आणि जवळ पसरणारा रुंद झोत असे दोन प्रकार मिळतात. रुंद झोताचा मोह आवरावा. पुढच्या चाकासमोरचे दहा मीटर लख्ख उजळले, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि पुढचा पन्नास मीटरचा अंधार आणखी गडद होतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, तो सराव मोडायला एक झगमगाट पुरतो. तीन सेकंद काही दिसलं नाही, तर ताशी ६० ला पन्नास मीटर आंधळे गेले. जादा दिव्यांचा रिले अप्परच्या वायरीवरून चालवावा, म्हणजे डिपर दाबताच तेही विझतात. त्यांना वेगळं बटण दिलं की ते विझवायचं राहतं. किती वॅट जोडता येतील हे गाडीच्या पुस्तकातल्या अल्टरनेटरच्या आकड्यातून हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर आणि इग्निशन वजा करून ठरवावं. उरलेल्यातलेही निम्मेच वापरावेत.

शेवटी रस्त्याने पायी चालणाऱ्यांविषयी. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा वेलांकण्णीच्या चर्चच्या यात्रेचा काळ. त्याच्या आधीपासून तिरुच्चीकडून तंजावूरमार्गे भगवी वस्त्रं घातलेले यात्रेकरू पायी चालत असतात. उकाड्यामुळे रात्रीच जास्त चालतात. डिपरची कड डावीकडे चढते आणि उजवीकडे खाली असते, म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने समोरून चालत येणारे लोक आपल्याला सर्वात उशिरा दिसतात. पाठीवर किंवा पिशवीवर परावर्तक पट्टी असेल तर तिच्यातले काचेचे बारीक मणी आपलाच उजेड आपल्याकडे परत धाडतात आणि माणूस शंभर मीटरवरूनही कळतो. पट्टी नसेल तर तीस-चाळीस मीटरच हाती असतात. ताशी ४५ ला थांबायला ३२ मीटर लागतात. त्या आठवड्यांत तंजावूर ते नागपट्टिणम रस्त्यावर रात्री या वेगाच्या वर जाऊ नये, दिवा कितीही चांगला असला तरी. आणि यात्रेकरूंचा जथा दिसला, की समोर वाहन नसलं तरी अप्पर खाली घ्यावा.